न कुजलेली पानं

१

माझ्या टेबलावर मेलेले मासे येतात ते बहुधा गळक्या पिशवीतून. आणणाऱ्याला वाटतं, मी सुरी लावली की माशाच्या पोटातून गुन्हेगाराचं नाव बाहेर पडेल. त्या सकाळी मासेमार सोसायटीचे अध्यक्ष आले, त्यांना तर नावही आधीच ठाऊक होतं. माझ्याकडून फक्त सही हवी होती.

"बाई, फार खोलात शिरू नका," ते खुर्ची ओढत म्हणाले. "माशांत विष सापडलं, एवढं लिहून द्या. ओढ्याच्या पाण्यात बुरशीनाशक निघालंय, प्रयोगशाळेने तसं कळवलंय. संत्र्यांच्या पॅकहाऊसमध्ये तेच वापरतात. आणि तिथल्या टाकीवर कोण असतो, ते सगळ्या वस्तीला माहीत आहे."

"सगळं माहीत आहे, तर मला कशाला त्रास देताय?"

"उद्या दुपारी सभा आहे. टाकीवाल्यावर पोलिसांत तक्रार द्यायची. तुमची सही असली की वजन पडतं."

अशा माणसांपुढे माझं डोकं फिरतं. पण मासे समोर होते आणि त्यांचा काही दोष नव्हता. मी ते ट्रेमध्ये ओतले. डोकं मोठं, अंग चिपाड, पाठ आत गेलेली. कल्ले उघडून पाहिले तर गुलाबी आणि स्वच्छ. विषाने तडफडून मेलेल्या माशाचे कल्ले असे नसतात. पहिल्याचं पोट फाडलं, रिकामं. दुसऱ्याचं रिकामं. पुढचे सगळे तसेच, आतड्याभोवती चरबीचा मागमूस नाही.

"हे विषाने मेलेले नाहीत," मी म्हणाले. "हे उपाशी मेलेत."

अध्यक्ष हसले. "ओढ्यात राहून उपाशी? बाई, थट्टा करू नका. यंदा वस्तीवर एका घरात धड मासे शिजलेले नाहीत. आणि आबा स्वतः तक्रारीवर पहिली सही करणार आहेत."

"आबा कोण?"

"आमचे पिंजरे विणतात ते. टाकीवाला त्यांचाच जावई. पाण्यात औषध निघालं हे कळलं त्याच दिवशी आबांनी भरसभेत त्याला खुनी म्हटलं आणि लेकीला घरी घेऊन आले. ज्याने ओढा मारला त्याच्या घरी माझी पोर राहणार नाही, म्हणाले. सासरा जावयाच्या विरुद्ध उभा राहतो, यापेक्षा पुरावा काय हवा?"

मला पुरावा म्हणून सासरे कधीच पुरेसे वाटलेले नाहीत. मी हात धुतले आणि पर्स उचलली.

२

पॅकहाऊसमध्ये संत्री पट्ट्यावरून येतात, एका लांब टाकीत बुचकळतात, दुसऱ्या बाजूने ओलीचिंब वर चढतात आणि पंख्याखाली वाळतात. टाकीतल्या पाण्यात बुरशीनाशकाची पावडर असते, म्हणजे पेटीतल्या एका संत्र्याला बुरा लागला तरी बाकीची शाबूत राहतात. टाकीवाला तिथे रबरी हातमोजे घालून उभा होता. तिशीचा, सडपातळ, कमी बोलणारा. शेजारी काम करणारी माणसं त्याच्यापासून जरा लांबच होती.

"टाकीचं पाणी कुठे सोडता?" मी विचारलं.

"मागे बंद हौद आहे. टँकर येऊन नेतो. पुलाखाली जो नाला ओढ्याला मिळतो, त्यात फक्त फरशी धुतलेलं पाणी जातं."

"हे सभेत सांगितलं का?"

"सांगितलं. ऐकणार कोण?"

"पावडर कधी कमी भरली?"

त्याने एक संत्रं उचललं, उगाच फिरवून पाहिलं आणि परत सोडलं. "नाही."

"टाकीवरचा कोणी नेत असेल?"

"टाकीवर मीच असतो. मी नेली नाही आणि मी ओढ्यात टाकली नाही. याच्यापुढे मला काही सांगायचं नाही."

"उद्या तुमच्यावर तक्रार होणार आहे, ठाऊक आहे ना? नोकरी जाईल, कदाचित आत जावं लागेल. काही माहीत असेल तर आत्ता बोला."

"तुम्ही आबांच्या घरी जाऊन आलात?" त्याने उलट मलाच विचारलं.

"आता चाललेय."

"ती काही बोलली तर..." तो थांबला. "नाही, जाऊ द्या. तिला बोलायचं तर बोलेल."

फाटकापर्यंत पोचले तोवर माझ्या लक्षात आलं की या माणसाने स्वतःला वाचवायला एक शब्दही खर्च केला नव्हता. मूर्ख तर दिसत नव्हता. मग तो कोणाला तरी सांभाळत होता.

३

आबांचं घर ओढ्याच्या वरच्या अंगाला, वस्तीपासून थोडं दूर. पडवीत वेताचे पिंजरे छतापर्यंत रचलेले. तोंडाशी रुंद, आत निमुळते, मासा शिरला की बाहेर पडायची सोय नाही. आबा बसल्या जागेवरूनच विणत होते. गुडघ्यांनी साथ सोडलेली, बोटं मात्र चालू होती.

"त्या माणसाचं नाव माझ्या घरात काढू नका," त्यांनी सुरुवातीलाच बजावलं.

"पिंजऱ्यांबद्दल विचारते मग."

त्यासरशी म्हातारा खुलला. वेत ओला ठेवावा लागतो, नाहीतर वाकवताना मोडतो, म्हणून त्याच्या जुड्या वरच्या डोहात दगडाखाली बुडवून ठेवतात. पण ओल्या वेताला काळी बुरशी धरते, आणि बुरशी धरलेला पिंजरा एक हंगामही टिकत नाही. "लोक म्हणायला लागले होते, आबा थकले, आता जाळीचे पिंजरे आणू. आणि मग माझ्या हाताला परत यश आलं. बघा." त्यांनी एक पिंजरा माझ्यापुढे धरला. वेत पिवळाधमक होता. "हा गेल्या वर्षीचा. सोसायटीत सगळे विचारतात, आबा, करता काय? मी म्हणतो, वेत निवडायला नजर लागते."

"आणि हा?" मी त्यांच्या मांडीवरच्या नव्या पिंजऱ्याकडे बोट केलं. त्याच्या वेतावर काळे ठिपके होते.

आबांचा चेहरा पडला. "महिन्याभरात पुन्हा सुरू झालंय. घरात असं घडल्यावर हाताला यश तरी कसं येणार?"

लेक चहा घेऊन आली. नवऱ्यापेक्षा थोडी लहान असेल, डोळ्यांखाली काळं झालेलं. कप ठेवून ती तिथेच दाराला टेकून उभी राहिली.

"माशांच्या पोटात काय निघालं?" तिने विचारलं.

"काहीच नाही."

"म्हणजे विष नाही?" तिने एवढा मोठा श्वास सोडला की आबांनी वर पाहिलं. "मी सांगत होते. त्या पावडरीने मासे मरत नाहीत. पाण्यात असली तरी नीट पोहतात."

"गप बस," आबा म्हणाले. "अजून त्याचीच बाजू घेतेस?"

ती आत वळली. वस्तीतल्या कोणीही तिचं ते वाक्य नवऱ्याच्या प्रेमापोटी म्हटलेलं मानलं असतं. मी अर्धा चहा तसाच खाली ठेवला. टाकीत संत्री पोहतात, मासे नाही. मग पावडरीच्या पाण्यात मासे पोहताना हिने पाहिले कुठे?

४

ओढ्यावर जायचं म्हणजे माझ्या कमरेची परीक्षा, पण खालून वर चालत गेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी वस्तीपासून सुरुवात केली. पाणी नितळ, तळाचा खडा न् खडा दिसत होता. लोकांना असं पाणी आवडतं, फोटो काढतात. मला ते बघूनच कसंतरी झालं, कारण दगडांच्या आडोशाला मागच्या पानगळीची पानं साचली होती आणि ती सगळी अखंड होती.

एक पान उचललं. ताठ, तपकिरी, कडक. दोन्ही हातांनी ओढलं तर फाटायला तयार नाही. उलटं केलं, खाली एक किडा नाही, एक झिंगा नाही.

ओढ्यात पडलेलं पान असं राहत नाही. आधी त्याच्यावर बुरशी चढते आणि ते मऊ होतं, मग पाणकिडे आणि बारीक झिंगे ते खातात, त्यांना मासे खातात. बुरशी मेली तर किड्यांसाठी ते पान म्हणजे निव्वळ चामडं. ओढ्यात अन्नाचे ढीग पडलेले आणि खाणारे उपाशी. थोडंसं बुरशीनाशक, माशाच्या खवल्यालाही धक्का न लावणारं, पण सतत झिरपत राहिलं तर हेच करतं. मासा मरतो तो हंगामभराने, हाडाला कातडी लागल्यावर. आणि माशात विष सापडत नाही.

म्हणजे आता पानांनाच विचारायचं होतं. जिथपासून ती नीट कुजलेली मिळतील, तिथे किंवा त्याच्या जरा खाली औषध पाण्यात शिरत होतं.

मी पुलापाशी आले. पॅकहाऊसचा नाला इथे मिळतो. माझा अंदाज होता की पुलाच्या वर पानं कुजलेली असणार, टाकीवाला खोटा ठरणार आणि मी वेळेत घरी जाऊन पाय शेकत बसणार. पुलाच्या वर गेले, वाकले, पान उचललं. कडक. आणखी वर गेले, तेही कडक. नाला निर्दोष होता. पाणी उलटं चढत नाही.

पुढे गुलाबवालीचं पॉलीहाऊस. ही बाई गुलाबांवर औषध फवारते हे मला माहीत होतं, आणि मी काठावर दिसताच ती हातातली कात्री घेऊन धावत आली.

"माझ्यावर ढकलायला आलात ना? या, या, सगळे इथेच या. फुलं नेताना मात्र ताई ताई करतात."

"तुमच्या कुंपणाच्या वर ओढ्यात उतरायचंय. हात द्या जरा."

तिने बडबडत हात दिला. तिच्या कुंपणाच्या वरचं पानही कडक निघालं. मी तसं सांगितलं तर आनंद होण्याऐवजी ती चिडली, की मग एवढे दिवस लोक माझ्याकडे बोट का दाखवत होते. याला माझ्याकडे औषध नव्हतं.

आता वर फक्त ओढ्याचं वळण राहिलं होतं. वळणाच्या अलीकडे पानं कडक. वळण ओलांडून मी पाण्यात हात घातला आणि बोटांना काळा, गिळगिळीत चिखल लागला. पानांची नुसती जाळी उरलेली, तिच्यात किडे वळवळत होते, झिंगे टणाटण उड्या मारत होते. इतकं सुंदर घाणेरडं दृश्य मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

मागे वळून पाहिलं. वळणावर एकच गोष्ट होती, आबांचा वेताचा डोह. आणि डोहाच्या काठावर आबांची लेक उभी होती.

५

"पाण्यातलं काम आबा करत नाहीत ना?" मी विचारलं.

"त्यांचे गुडघे..." ती म्हणाली. "वेत बुडवायचा, काढायचा, ते मीच करते. लग्न झाल्यावरही आठवड्याला येऊन करत होते."

"आणि येताना पावडर आणत होतीस."

मी काठावर बसले, उभं राहवत नव्हतं.

"ऐक. पाण्यात सापडलेलं औषध पॅकहाऊसचंच आहे, पण ते पॅकहाऊसच्या नाल्यातून आलेलं नाही, कारण पुलाच्या वरची पानंसुद्धा कुजलेली नाहीत. ते इथून खाली गेलंय. वेतात मुरलंय, अजून झिरपतंय. तुझ्या वडिलांना त्यातलं काही कळत नाही, नाहीतर ते हाताच्या यशाच्या गप्पा मारत बसले नसते. आणि तू माहेरी येऊन महिना झाला, तर नव्या वेतावर बुरशी आली. आबांना वाटतं दुःखाने हात बिघडला. खरं म्हणजे पावडर आणणारी माहेरी राहायला आली, म्हणून पावडर संपली. शिवाय पावडरीच्या पाण्यात मासे पोहताना तू पाहिलेत. ते इथेच पाहिलेस."

"इथेच," ती हळूच म्हणाली. "पहिल्यांदा टाकली तेव्हा मी दिवसभर बसून होते, बाई. एखादा मासा जरी उलटा झाला असता तर परत टाकली नसती. सगळे नीट होते. म्हणून तर मला वाटत होतं, ओढ्याला दुसरंच काहीतरी झालंय. मी कशाला सांगू?"

मी तिला पानांचं सांगितलं. ती ऐकत होती आणि तिचा हात तोंडाकडे जात होता. मला तिची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकाच वेळी. वडिलांचे पिंजरे कोणी घेईना, ते दिवसभर भिंतीकडे बघत बसायला लागले, तेव्हा नवऱ्याला जेवण पोचवायला गेली की त्याच्या टाकीजवळच्या डब्यातून ही मूठमूठ पावडर आणत होती. संत्र्याला बुरा लागत नाही तर वेताला का लागावा, एवढाच तिचा हिशेब. हिच्याइतकी काळजी घेऊन कोणी ओढा मारला नसेल.

"आबांना सांगू नका," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांत त्यांना कोणी चांगलं म्हटलं ते या पिंजऱ्यांमुळे."

"आणि नवऱ्याचं काय? उद्या त्याला नेतील."

"तो सुटेल. त्याने केलंच नाही तर सुटेलच ना?"

"अगं, शहाणी आहेस की कोण? उद्या सभेत मी पानांबद्दल बोलणार आहे. डोहापर्यंत येईन आणि थांबेन. पुढचं तू बोलायचंस. नाही बोललीस तर मी बोलेन."

६

सोसायटीच्या शेडमध्ये माणूस मावत नव्हता. टाकीवाला दाराशी उभा होता, त्याच्या आजूबाजूला मात्र भरपूर जागा होती. आबांना दोघांनी धरून आणलं होतं. त्यांच्यासमोर तक्रार आणि पेन.

मी टेबलावर पानं ओतली. वस्तीची, पुलाची, पॉलीहाऊसची, आणि शेवटी वळणाच्या वरची, काळी. लोक नाकाला हात लावून मागे सरकले. मी सगळं सांगितलं, सावकाश, शाळेतल्या पोरांना सांगतात तसं. नाला सुटला, गुलाबं सुटली. "औषध वेताच्या डोहातून आलंय," म्हणाले आणि खाली बसले.

सगळे आबांकडे वळले.

"माझ्या डोहात?" आबा म्हणाले. "मी कशाला... मी तर डोहापर्यंत जातही नाही."

"आबा, तुम्ही?" अध्यक्षांचा आवाज चढला. "आणि जावयावर सही करायला आलात?"

लेक खाली मान घालून बसली होती. मी तिच्याकडे बघत होते आणि दाराशी तोही बघत होता. कुजबुज वाढली, कोणीतरी आबांना शिवी हासडली. मी उठायला खुर्चीचा हात धरला, तेव्हा ती उभी राहिली.

"मी टाकली," ती म्हणाली. "त्याच्या डब्यातून मी आणत होते. आबांना माहीत नाही. त्यालाही मी विचारलं नव्हतं."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. ते तिच्यावर ओरडतील असं मला वाटलं. पण त्यांनी स्वतःचे हात उताणे करून मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसले. "म्हणजे वेत पावडरीमुळेच..." एवढंच म्हणाले.

अध्यक्षांनी तक्रार फाडली. "जावईबापू, गैरसमज झाला, मनावर घेऊ नका," असं दाराच्या दिशेने म्हणाले, पण जावईबापू बाहेर निघून गेले होते. मी मागोमाग गेले. ती माझ्याही पुढे धावली. सकाळीच भरलेली कपड्यांची पिशवी तिने दाराबाहेर ठेवली होती, ती उचलून त्याच्यापाशी गेली.

"घरी येऊ ना?"

तो सायकलचं कुलूप काढत होता. "डब्याचं झाकण वाकडं बसवायचीस. पहिल्याच महिन्यात कळलं होतं मला. वडिलांसाठी नेतेस म्हणून बोललो नाही."

"मासे पावडरीमुळे मेले हे मला खरंच ठाऊक नव्हतं रे."

"मासे सोड. ओढ्यातलं औषध कुठून आलं, ते तर ठाऊक होतं? तुझ्या वडिलांनी मला चारचौघांत खुनी म्हटलं तेव्हा मी तुझ्याकडेच बघत होतो. तू जमिनीकडे बघत होतीस. महिनाभर लोक माझ्या अंगावर थुंकले. मी म्हटलं, आज बोलेल, उद्या बोलेल."

"बोलले की. सगळ्यांसमोर बोलले."

त्याने कुलूप खिशात टाकलं. मग माझ्याकडे वळला. "बाई, तुम्ही तिला आधी भेटला होतात?"

"काल."

"ती आपण होऊन बोलली का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तसं बघणं पुन्हा कोणाच्या वाट्याला येऊ नये. 'हो' म्हणायला काय लागतं, एक अक्षर. ते घर तेवढ्यावर उभं होतं, आणि मासे, पानं, पुरावे यांतलं आता कोणालाही काही नको होतं. मी आयुष्यभर जे दिसलं तेच सांगत आले, आणि त्या सवयीचा मला त्या क्षणी जेवढा संताप आला तेवढा कधी आला नव्हता.

"नाही," मी म्हणाले. "मी बजावलं होतं."

त्याने मान हलवली, सायकलवर टांग टाकली आणि पॅकहाऊसच्या रस्त्याला लागला. त्याची पाळी सुरू व्हायची होती.

आबा भिंतीला धरत एकटेच शेडबाहेर आले. आता त्यांना धरायला कोणी पुढे झालं नाही. लेकीने पिशवी खांद्याला लावली आणि त्यांना हात दिला. त्यांनी तो घेतला नाही. भिंत संपली तशी त्यांनी कुंपण धरलं, कुंपणाच्या आधाराने एकेक पाऊल टाकत घराकडे निघाले, आणि ती त्यांच्या मागून, चार हात अंतर ठेवून, चालत राहिली.